फळ्या पुसणाऱ्या कमलाबाई

आज माझ्या औषधांच्या दुकानातल्या फळ्या फिनाईलने पुसताना त्या वासासरशी कमलाबाई आठवल्या.

तेव्हा माझ्या जोडीचा फार्मासिस्ट खामगावच्या मोठ्या दुकानात नोकरीला गेला होता आणि वडनेरला यायला दुसरा कोणी तयार नव्हता. एकदा बाजाराच्या दिवशी गर्दीत मी एकटीने एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला त्याच्या आईच्या बीपीच्या गोळ्यांऐवजी शुगरच्या दिल्या. तो पायरी उतरणार, तोच फळ्या पुसणाऱ्या कमलाबाई ओरडल्या, “थांब रे भाऊ! ते खोकं शुगरवालं हाये. तुह्या मायले बीपीचं लागते!” मग मला म्हणाल्या, “ताई, आधी पाणी प्या.”

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. रोज फळ्या पुसताना खोकी ओळखीची झाली होती, आणि कोण कोणतं नेतं तेही. तेव्हा मला चारचौघांत लाज वाटली. आज वाटतं, त्याच्या म्हाताऱ्या आईला आणि मलाही कमलाबाईंनीच वाचवलं.

अजूनही मदतीला फार्मासिस्ट मिळत नाही, आणि आता कमलाबाईही कामाला नाहीत. म्हणून खोकं मी गिऱ्हाइकाच्याच हातात ठेवते आणि विचारते, “बघा, नेहमीचं हेच ना?”