स्वतःच्या नावाचं खातं: वत्सलाताईंविषयी

वत्सलाताई कांबळे यांना मी पहिल्यांदा भेटले, तेव्हा मला डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. मुलीच्या औषधाला पैसे मागितले म्हणून आदल्या दिवशी नवऱ्याने मारलं होतं. पैसे माझ्याच पगारातले होते. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. पगार बँकेत जमा व्हायचा, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात आणि पगाराचा मेसेज त्याच्याच मोबाइलवर.

बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या ताई सात रस्ता चौकाजवळ एका माडीवरच्या खोलीत बायकांना भेटतात, असं मैत्रिणीकडून कळलं होतं. मी चाचरत बोलायला लागले. ताई उठल्या, खुर्ची उचलून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता सांग."

सगळं ऐकून घेतल्यावर मी विचारलं, "ताई, मी घर सोडू का?"

"ते तू ठरवायचंस. पण ज्या दिवशी ठरवशील त्या दिवशी तुझ्याकडे बसभाडं, कागद आणि चार महिने जगायची सोय असली पाहिजे. ते आपण आजपासून बघू."

मी तेव्हाच पगार दुसरीकडे वळवायला निघाले होते. ताईंनी थांबवलं. "पगाराचा मेसेज आला नाही की त्याला लगेच कळेल, आणि तू त्याच घरात असशील. पगार शेवटी वळवायचा."

त्यांनी दुसऱ्याच बँकेत माझ्या एकटीच्या नावाने खातं उघडून दिलं. नंबर नव्या सिमचा आणि पत्ता सांगोल्याला माझ्या आईचा, म्हणजे कार्ड सासरी येणार नाही. ओव्हरटाइमचे रोख मिळायचे, ते त्यात पडू लागले. माहेरचं सोनं तिकडच्या एका लग्नाच्या निमित्ताने आईकडे पोहोचलं. "ते स्त्रीधन आहे, तुझंच आहे," ताई म्हणाल्या, "पण फोटो आणि पावती जपून ठेव." नवरा कर्जाच्या कागदावर सही मागत होता. ती कशी टाळायची हेही त्यांनीच सांगितलं. "बँकेतले साहेब म्हणाले, सही बँकेत येऊनच करायची, एवढंच बोल." तिथे मला पैशांचं सगळं कळलं असतं, म्हणून तो मला बँकेत नेणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटी मी ठरवलं. पगाराच्या आधीच्या आठवड्यात मुलीला घेऊन घर सोडलं आणि ताईंकडे आले. ताई स्वतः माझ्याबरोबर कारखान्यात आल्या. ऑफिसातले साहेब म्हणाले, "खातं बदलायचं तर मिस्टरांची संमती आणा."

"काम कोण करतं?" ताईंनी विचारलं.

"त्याच करतात."

"मग सहीही त्याच करतील."

आवाज जराही चढला नव्हता. साहेबांनी अर्ज पुढे सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा मी सही करताना मान वर ठेवली होती.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी नवरा ताईंच्या दारात येऊन उभा राहिला. मी मुलीला पोटाशी धरून माडीवरच्याच आतल्या लहान खोलीत होते.

"माझी बायको हितंच येत हुती न्हवं? तिचा पगार का आला न्हाय?"

"बसा," ताई म्हणाल्या. "तुम्ही आल्या आल्या पगाराचं विचारलंत. घर सोडलं तेव्हा मुलीला ताप होता, तिचं काही विचारलं नाहीत."

तो बसला नाही. मग आवाज चढवून म्हणाला, "लई शानपणा करू नका. पोरगी कुटं हाय?"

"ते मी सांगणार नाही. मारहाणीविरुद्ध संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज गेला आहे. बोलायचं ते तिथे बोला. इथे आवाज चढवलात तर पोलिसांना मी फोन करेन."

तो जिना उतरून गेला. ताईंनी आत येण्याआधी दाराची कडी दोनदा तपासली. त्यांनाही भीती वाटते हे मला तेव्हा कळलं, आणि त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला.

गिरणी कामगाराच्या घरात जन्मलेल्या ताई त्यांच्या वस्तीतून बँकेत नोकरीला लागलेल्या पहिल्या बाई. निवृत्तीनंतर त्यांनी निवांत बसावं असं घरच्यांना वाटलं, तर त्यात नवल नव्हतं. पण ताईंनी ही खोली उघडली. आलेल्या बाईला त्यांनी कधी 'बिचारी' म्हटलं नाही, आणि जी परत नवऱ्याकडे गेली तिला दार बंद केलं नाही. "खातं चालू ठेव," एवढंच त्या तिला सांगत.

आज माझी मुलगी नर्सिंगला आहे. मी कारखान्यात सुपरवायझर आहे आणि रविवारी ताईंच्या खोलीत नव्याने आलेल्या बायकांशी बोलते. ताईंनी शिकवलेलं मी दुसरीला सांगते तेव्हा मला फार अभिमान वाटतो, त्यांचा आणि थोडा माझाही.

ताईंनी आता पंच्याहत्तरी गाठली. जिना चढताना गुडघे दुखतात, तरी खोली खाली हलवू देत नाहीत. माडीवर कोण येतं ते रस्त्यावरून दिसत नाही, हे त्यांचं कारण. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या खोलीत येणाऱ्या बायका दर वर्षी कमी होवोत, आणि जी येईल तिला दार उघडायला ताई ठणठणीत असोत.