न लावलेल्या आगीची कबुली

खाडीकाठच्या एका गावात होडी जळाली, ती घटना मी अजून विसरू शकलेलो नाही. नव्वदच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो.

दुपारी होडी जळाली आणि तासाभरात गावचे एक पुढारी पन्नासेक माणसं घेऊन ठाण्यात हजर. शिकलेले, एरवी समंजस गृहस्थ. होडीमालकाचं ज्याच्याशी जाळ्यावरून भांडण झालं होतं, त्या शेजाऱ्याचं त्यांनी नाव घेतलं.

"आधी त्याला आत घ्या साहेब. नायतर मानसं ऐकनार नाय."

मी पुरावा मागायला हवा होता. मी बाहेरची गर्दी पाहिली आणि जीप पाठवली.

शेजारी पन्नाशीचा. विचारताच म्हणाला, "मीच पेटवली. लिवा तुमी."

आग कशी लावली? "काडीनं." याहून जास्त एक शब्द नाही. इतक्या सहज मिळालेली कबुली मला खटकते. शिवाय अंगझडतीत त्याच्या खिशात बाळाचं वापरलेलं टोपडं सापडलं होतं आणि त्याच्या घरात लहान मूल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बाईचा आवाज होता. "तुम्ही धरलेला माणूस काल दुपारभर जुईनगरला आमच्या सोसायटीत होता. त्याच्या मुलीकडे." नाव न सांगता तिनं फोन ठेवला.

मी टोपडं त्याच्यासमोर ठेवलं. ते पाहताच त्याचा बांध फुटला. मुलीनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा तिचं तोंड पाहणार नाही अशी शपथ त्यानं गावाच्या भर बैठकीत घेतली होती. नातू झाल्याचं कळलं आणि राहवलं नाही; चोरून जाऊन त्याला पाहिलं आणि येताना त्याचं टोपडं खिशात घातलं.

"अरे बाबा, तुरुंगात जाशील!"

"जाईन साहेब. पन गावाम्होरं खोटा पडनार नाय."

मी तडक किनारा गाठला. राखेत तीन दगडांची चूल आणि डांबराचा डबा होता. आदल्या दिवशी घाईत केलेल्या पंचनाम्यात दोन्हींचा उल्लेख नव्हता. होडीमालकाला समोर उभं केलं.

"होडीला लावाया डांबर तापत ठेवून जेवाया गेलतो," तो म्हणाला. "पुढाऱ्यांनी नाव घेतल्यावर मी कसा बोलनार?"

पुढाऱ्यांनाही बोलावलं. मान खाली घालून म्हणाले, "मला शंका होती. पन मानसं तापली होती. आडवा गेलो असतो तर उद्या मला कोन विचारतो?"

शेजाऱ्याला सोडायच्या वेळी मी मुलीला निरोप धाडला. बाळाला घेऊन ती ठाण्याच्या दारात आली, तेव्हा निम्मं गाव आवारात होतं. तो पायरीवर थबकला. मग सगळ्यांच्या देखत पुढे गेला आणि नातवाला उचलून घेतलं.

गुन्ह्यात फायदा कोणाचा, हे शोधायला आम्हाला शिकवतात. माणूस नफा-नुकसान पाहून वागतो, हे त्यामागचं गृहीत. त्या दिवसापासून मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो. समोरचा माणूस कोणाच्या नजरेला घाबरतोय? जीप पाठवण्याआधी तो मी स्वतःलाच विचारायला हवा होता.