लाल कमळासारखे डोळे

किस्से मी जमवत नाही. भाताच्या कुसळांसारखे ते साडीला चिकटून घरी येतात. माझे बहुतेक किस्से पोलादपूरच्या, बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायकांचे. दुपारी शाळेच्या रिकाम्या वर्गात मी त्यांना मराठी शिकवते. सगळ्यांची धास्ती एकच, कवितेचं रसग्रहण!

*

पहिल्या दिवशी उपमा. फळ्यावर लिहिलं, ‘तिचे डोळे लाल कमळासारखे आहेत.’

स्टँडजवळ शिलाईचं दुकान चालवणारी सुलभा म्हणाली, “लाल? मग डोळे आलेत तिचे! औषध घाल म्हणावं!”

पण त्यानंतर उपमा कुणाचीही चुकली नाही.

*

अतिशयोक्तीचं उदाहरण विचारलं, तेवढ्यात सुलभाचा फोन वाजला. नवरा ट्रक चालवतो. स्पीकर चालूच होता.

“कशेडी घाटात हाय गो! ट्रॅफिक हाय, पण पाच मिनटांत पोचतोच! जेवन वाढ!”

सुलभानं फोन ठेवला. “लिवा गो. अतिशयोक्ती!”

*

वनिता महाडला एमआयडीसीत पॅकिंगला आहे. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं वाक्य मागितलं, तर म्हणाली, “कंपनीची बस मला लांबून बघते, गालात हसते आन् निघून जाते.”

“वा! चेतनगुणोक्ती!” मी टाळीच दिली.

“कसली चेतनगुणोक्ती, बाई? ड्रायव्हर माझा दीर हाय!”

*

मराठीचा पेपर संपला आणि हीच वनिता केंद्रातून ओरडत बाहेर आली, “अनुप्रास आला! अनुप्रास आला!”

गेटवरच्या वॉचमननं विचारलं, “कोन, मुलगा काय तुमचा?”

“व्हय तर! वर्षभर सांभाळलाय!”

*

आणि आमच्या पार्वतीकाकू. वय पन्नाशीचं, बोलणं जेमतेम. आदल्या वर्षी मराठीतच नापास झाल्या होत्या. रसग्रहणाचा प्रश्न कोरा सोडलेला.

मी विचारलं, “काकू, कविता कळली नव्हती का?”

“कळली ओ. पन ‘कविता का आवडली’ असं विचारलं होतं. मला काय आवडतं, ते आजवर कुनी विचारलंच नाय. मग काय लिवनार?”

मग वर्षभर मी त्यांना रोज तेवढंच विचारलं. आधी ‘बरी हाय’, मग एक ओळ, मग अर्धं पान.

घरी नवऱ्याचं एकच पालुपद, “कविता शिकून भाकरी फुगते काय?”

यंदा निकाल लागला. काकू पास! आणि मराठीत वर्गात सगळ्यांत जास्त!

मी पेढे घेऊन त्यांच्या वाडीवर गेले, तर काका पडवीत काकूंचं मराठीचं पुस्तक उलटंपालटं करत बसलेले. मला बघून जरा ओशाळले. मग काकूंकडे वळून हळूच म्हणाले, “काय लिवायचं असतं गो त्या रसग्रहनात?”

काकूंनी पदर खोचला, पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि कवितेचं पान काढून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं.

“नीट बसा. आधी कविता दोनदा वाचायची. मोठ्यानं!”