जजबाईंना लिहिलेलं पत्र

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तर चढलोही नाही. अबू धाबीत, खलिफा सिटीतल्या घरी सोफ्यावर बसूनच अमेरिकेतल्या कोर्टात जो घोळ घालायचा तो घालून ठेवला.

मुलीचा घटस्फोट तिकडेच झाला. सात वर्षांची नात तिच्याकडे असते, पण तिला परदेशी न्यायचं तर बापाची संमती लागते, नाहीतर जजची परवानगी. बापाने नाही म्हटलं. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत नात सहा आठवडे आमच्याकडे येणार की नाही, हे आता कोर्ट ठरवणार होतं. बायकोने तिच्यासाठी छोटा पलंगही आणून ठेवला होता.

मुलीची वकील सांगायची, थांबा. तारीख पडायची, पुढे जायची, पुन्हा पडायची. चार महिन्यांत मी अगदी थकून गेलो. थकलेला माणूस त्याला जे येतं तेच करतो, आणि मला अर्ज लिहिता येतात. बावीस वर्षं अबू धाबीतल्या एका कंपनीत मी तेच केलं. व्हिसा अडला, लायसन्स अडलं, की साहेब माझ्याकडे बोट दाखवायचे. ओळखीतली मराठी मंडळी शाळेच्या ॲडमिशनचा अर्जसुद्धा माझ्याकडूनच लिहून घेतात. वरच्या माणसाला थेट आणि नम्रपणे लिहिलं की काम होतं, असा माझा अनुभव. अनुभवाचा गर्वही होता, खोटं कशाला बोलू.

"पोरीला एकदा विचारा तरी," बायको म्हणाली.

"कशाला? एक लेटर, खलास."

जजबाईंना दोन पानं लिहिली. घर मोठं आहे, आजी दिवसभर घरीच असते, चांगली शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शेवटी, आपण कोणालाही म्हणतो तसं म्हटलं: हे घर तिचंच आहे, ती इथे कायमची राहिली तरी आम्हाला आनंदच होईल.

दोन आठवड्यांनी मुलीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच मी घाबरलो. "बाबा, जजला असं परस्पर लिहायचं नसतं. इथे जज एकाच बाजूचं काही ऐकत नाही. तुमच्या लेटरची कॉपी कोर्टाने दोन्ही वकिलांना पाठवलीय."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

सुनावणी व्हिडिओवर झाली. तिथे सकाळ, इथे संध्याकाळ. मुलीने लिंक पाठवली आणि माइक बंद ठेवा म्हणून दोनदा बजावलं. सिनेमातल्यासारखी ज्युरी नव्हती, असल्या प्रकरणात एकटी जजच निर्णय देते. जजबाई पन्नाशीच्या, शांत. समोरच्या वकिलाने माझं शेवटचं वाक्य सावकाश वाचून दाखवलं. मग म्हणाला, दुसऱ्या देशात नेलेली मुलं परत पाठवण्याच्या करारात अमिरात नाही. आजोबांनी शाळाही बघून ठेवलीय.

जजबाईंनी मुलीला शपथेवर विचारलं, या पत्राची तुम्हाला कल्पना होती? ती नाही म्हणाली. वडिलांनी शाळेत चौकशी केली आहे का? ती जरा थांबली आणि हो म्हणाली. मी गेलोच होतो, सहज, फिरायला निघालो तेव्हा, आणि फोनवर तिला सांगितलंही होतं. मुलीला खोटं बोलायला आम्ही शिकवलं नव्हतं.

अहो बाई, ती आमची बोलायची रीत आहे, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण मी साक्षीदार नव्हतो, मला कोण विचारणार? पत्र प्रेमाने लिहिलंय याबद्दल शंका नाही, जजबाई म्हणाल्या. मग परवानगी नाकारली आणि नातीचा पासपोर्ट कोर्टात जमा करायला सांगितला. त्यांचा रागही करता येईना. माझा अर्ज इतक्या नीट आजवर कोणीच वाचला नव्हता.

बायको उठली. नातीच्या खोलीतल्या पलंग चादरीने झाकून आली.

शुक्रवारी नातीचा फोन आला.

"आजोबा, द जज सेड नो."

"हो गं बाळा."

"यू राइट टू हर ना. मम्मा सेज यू राइट द बेस्ट लेटर्स."

मी फोन बायकोच्या हातात दिला.