तेहतीस हात तार

मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन पडवीत गेले, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी कपबशी खांबापाशी ठेवली आणि कप बशीवर दोनदा वाजवला. चहा आणला हे त्यांना कळावं म्हणून असंच करायचं आणि मागे सरायचं, ही आमच्या घरची रीत. ते उठले नाहीत. मी पुन्हा वाजवला... मग मला समजलं. तरी मी तिथेच उभी राहिले, कारण त्यांना हाक मारायची कशी, हेच मला ठाऊक नव्हतं. सतरा वर्षं एका घरात राहून मी त्यांना कधी कोणत्याच नावानं हाक मारली नव्हती. ते माझे भासरे, म्हणजे आमच्या घरच्यांचे, माझ्या मालकांचे, मोठे भाऊ. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्याशी बोलत नाही, त्यांचं नाव घेत नाही, त्यांच्यावर आपली सावली पडू देत नाही. शेवटी मी बांधावर धावत गेले आणि घरच्यांना नुसतं हातानं बोलावलं. त्याला आता दीड महिना झाला. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कोणाला दाखवायचं नाही, पण लिहून ठेवल्याशिवाय राहवत नाही.

बोलायचं नाही म्हणून आमचं काही अडलं नाही. त्यांना पाणी हवं असलं की ते स्वयंपाकघराच्या भिंतीला सांगत, "भिंतबाई, पानी असन तं द्या." मी आतून लोटा सरकवायची. भाजी खारट झाली तर म्हणत, "भिंतबाई, आज समुद्र आला वाट्टे चांद्यात." घरचे हसत, मी पदर तोंडात धरून हसे. जाऊबाई होत्या तोवर त्या आमच्यामध्ये बोलायच्या. त्या गेल्यावर भिंतच उरली.

भासरे आमच्या गावच्या लहान स्टेशनावर सांधेवाले होते. चांद्याकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी, तिचे सांधे बदलायचे, कंदील भरायचे, आणि सिग्नलची तार पाहायची. तारेचं काम मला त्यांच्या आणि घरच्यांच्या बोलण्यातून कळलं. स्टेशनाजवळच्या खटक्यापासून लांबच्या सिग्नलपर्यंत आठशे हात लोखंडी तार जाते. खटका ओढला की तार सिग्नलचा आडवा हात खाली ओढते, आणि हात खाली झाला की गाडीनं यावं. पण आमच्याकडचं चैत्राचं ऊन असं की दुपारी तार ढिली पडते आणि हात पुरता खाली येत नाही. म्हणून दुपारी ती ताणायची. आणि संध्याकाळी आठवणीनं सैल करायची, कारण पहाटेच्या गारव्यात तार आखडते आणि कोणी खटका न ओढताही हाताला खाली ओढते.

इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा. जाऊबाईंना जाऊन महिनाही झाला नव्हता. त्या संध्याकाळी ते तार सैल करायला विसरले. पहाटे सागाच्या लठ्ठ्यांची मालगाडी थेट आत आली आणि उभ्या डब्यांवर आदळली. फायरमनचा पाय गेला. ड्रायव्हर म्हणाला, सिग्नल खाली होता. खटका तर जागच्या जागी होता. चौकशीला आलेल्या साहेबांनी ठरवलं की भासऱ्यांनीच खटका ओढला आणि अपघातानंतर घाईघाईनं परत लावून ठेवला. त्या दिवशी ते घरी येऊन पडवीत बसले आणि भावाला म्हणाले, "तार सैल कराची राह्यली, हे चूक माही. त्याची सजा द्या. पन म्या खटका ओढला नाई. म्या खोटं बोलून राह्यलो नाई." नोकरी गेली. पण नोकरीसाठी ते कधी हळहळले नाहीत. खोटारडा ठरलो, एवढंच त्यांना खात राहिलं.

आता मला लिहायचं ते लिहिते. त्या पहाटे मी मोहफुलं वेचायला गेले होते. आमची मोहाची दोन झाडं रुळांच्या पलीकडे, त्या सिग्नलच्या जवळच आहेत. उजाडताना मी मान वर केली तर सिग्नलचा हात झुकलेला होता. पुरता खाली नाही, दमलेल्या माणसाचा असावा तसा. गाडीचा आवाजही नव्हता. मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी टोपली भरून दुसऱ्या वाटेनं घरी आले. गाडी नंतर आली. माझ्या पाहण्याचा अर्थ काय, हे चौकशी सुरू झाल्यावर मला कळलं. साहेबापुढे उभं राहावं लागेल, इतक्या पुरुषांत ते विचारतील, बाई, तुझ्या नवऱ्याचं नाव काय, भासऱ्याचं नाव काय... ती नावं माझ्या तोंडून कशी निघणार? आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता चौकशी संपली. मग सांगायचीच लाज वाटू लागली.

त्यानंतर त्यांनी तो सिग्नल करायला घेतला. खऱ्याचा एक हात, तर याचं एक बोट, असं त्यांचं माप. सोळा हातांचा खांब सोळा बोटांचा केला, सागाचा, वर जाताना निमुळता. खांबामागे आधाराला पातळ लाकडी पाटी ठोकली, घासलेटच्या डब्याच्या पत्र्याचा हात कापला. एके दिवशी म्हणाले, "भिंतबाई, चिमटीभर कुंकू असन तं पायजे होतं." मी दचकलेच. ते त्यांनी जवसाच्या तेलात कालवून हाताला लावलं. कंदिलाच्या काचांसाठी माझ्या फुटक्या बांगड्या घेतल्या, एक तांबडी, एक हिरवी. इतकं नीट काम मी सोनाराकडेही पाहिलं नाही. आणि तार? आठशे हातांची आठशे बोटं, म्हणजे चोवीस बोटांच्या हातानं तेहतीस हात आणि वर थोडी. गोठ्यापासून बांधापर्यंत त्यांनी बांबूच्या खुंट्या ठोकल्या, त्यांवर सुपारीच्या चकत्यांची चाकं बसवली, आणि त्यावरून तार नेली. दुपारी ताणायची, संध्याकाळी मुद्दाम सैल करायची नाही, आणि पहाटे उठून हात झुकतो का ते पाहायचं.

शेजारचा सोमा कुंपणावरून ओरडायचा, "काऊन दादा, तुमची गाडी कवा येते? मले मूल गावाले जाचं हाये."

"तिकीट काढ पह्यले," ते म्हणायचे. "फुकट्याले बसू देत नाई आमी."

पण एका पहाटे तो चिमुकला हात खरंच झुकला. त्यांनी भावाला हाक मारून उठवलं. घरचे डोळे चोळत म्हणाले, "झुकला नं दादा. पन हे पाहाले साहेब पायजे, मी पाहून काय होते?" तेव्हा भासऱ्यांनी सिग्नल धोतरात गुंडाळला, टोपलीत घातला आणि मोठ्या साहेबाकडे घेऊन गेले. दोन दिवसांनी परत आले. साहेबाच्या खोलीत तेहतीस हात जागा नव्हती, आणि पहाट तर नव्हतीच. साहेबानं हात वरखाली करून पाहिला, म्हणाला, फार सुंदर आहे, माझ्या मुलीला आवडेल. भासरे पडवीत जेवता जेवता भावाला सांगत होते. "मानूस चांगला होता साहेब. म्हने, कोनी आपल्या डोयानं पाह्यलं असन तं घेऊन ये, मी कागद पुन्हा उघडतो. म्या म्हटलं, साहेब, पहाटी तिथी कोन असते?"

मी आत भाकरी थापत होते. भिंतीच्या या बाजूला मी, त्या बाजूला ते. माझी भाकरी तव्यावर करपली, आणि मी बोलले नाही.

त्यानंतर त्यांनी साहेबाचं नाव काढलं नाही. पण हात थांबले नाहीत. त्यांच्या वडिलांच्या वेळचे, केव्हाच मोडीत गेलेले जुने सिग्नल आठवून करायला लागले. फिरत्या गोल तबकडीचा एक, नुसता कंदील दोरीनं वर चढवायचा एक, सांध्याचा जुना खटका, स्टेशनाची घंटा. कोणी विचारलं कशासाठी, तर म्हणत, "राह्यले पायजे नं. आता कोन पाह्यते त्याईले?" पडवीतली फळी भरली. तेहतीस हातांची तार मात्र त्यांनी काढली नाही. सात वर्षं रोज दुपारी ताणली आणि रोज पहाटे पाहिली.

यंदाच्या चैत्रात त्यांना ताप आला आणि उठवेना. घरचे पहाटेच कामावर जायचे. एके दिवशी उजाडताना त्यांचा आवाज आला. "भिंतबाई... हात कसा आहे, पाहून सांगाल का?" मी हातातली चहाची कपबशी खांबापाशी ठेवली आणि गोठ्यापाशी जाऊन पाहून आले. भिंतीच्या आड उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "झुकला आहे. त्या दिवशीही झुकलाच होता. मी मोहाखाली होते. मी पाह्यला."

खाटेची दोरी करकरली.

"किती?" ते म्हणाले.

मला सांगता येईना. मी सिग्नल तारेपासून सोडवून आणला, पदर मागे सरकला तरी सावरला नाही, आणि त्यांच्यासमोर तो लाल हात बोटानं खाली आणला. आठवत आठवत, थोडा जास्त, मग थोडा कमी. "एवढा," मी म्हटलं. त्यांनी उशाखालचा खिळा काढला आणि लाल हाताचं टोक होतं तिथे खांबामागच्या पाटीवर बारीक रेघ ओढली.

"एवढ्यावर डायव्हर येनारच," ते म्हणाले. "म्या असतो तं म्याही आलो असतो."

मी वाट पाहत उभी राहिले. आता विचारतील, काऊन सांगतलं नाई? सात वर्षांचं उत्तर मी जुळवत होते. त्यांनी विचारलं नाही. सिग्नल मांडीवर घेऊन त्या रेघेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "च्या थंडा होऊन राह्यला," आणि कप उचलला. चौथ्या दिवशी ते गेले. मधल्या तीन दिवसांत त्यांनी भिंतीला काहीच मागितलं नाही. पाणीसुद्धा स्वतः उठून घेतलं... ते रागानं की दयेनं, हे मला कधीच कळणार नाही.

तेरवी झाल्यावर घरच्यांनी तार गुंडाळली. म्हशीच्या पायात येते म्हणाले. सिग्नल पुसताना त्यांना रेघ दिसली. "लाकूड उललं वाट्टे, चीर पडली," ते म्हणाले. मी म्हटलं, "उललं नाई, मोजलं आहे." मग मी त्यांना सगळं सांगितलं, मोहापासून करपलेल्या भाकरीपर्यंत. उठून त्यांनी सिग्नल फळीवर नेऊन ठेवला, रेघ भिंतीकडे करून.

रोज सकाळी पडवी झाडताना मी तो वळवते. रेघ समोर आणते. संध्याकाळी पाहते, तेव्हा तो पुन्हा भिंतीकडे वळलेला असतो.