मागून कधीच नाही

ती दुपार विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. मोताळा तालुक्यातल्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. जेवणाचा डबा उघडतो तोच एका खबऱ्याचा फोन आला. "साहेब, रोहिणखेड रस्त्याच्या ग्राउंडवर एकाचं डोकं फुटलं. फुटबॉलवाल्या सरचं नाव घेऊन राह्यले लोकं. पण मले काही पटत नाही."

मलाही पटलं नाही. हे सर तेरा वर्षं कोलकात्यात आणि गोव्यात पगारी बचावपटू म्हणून खेळले होते. गुडघा गेल्यावर गावी परतले आणि पडीक जमिनीवरचे दगड स्वतः वेचून मैदान केलं. तिथं ते मुलींना शिकवत. लोकांनी नावं ठेवली, पण हा गडी शिट्टी घेऊन रोज हजर. मला त्यांचं मोठं कौतुक होतं. पण कौतुकावर तपास चालत नाही.

फिर्यादी गावातल्या बड्या घरचा तरुण होता. सरांनी कॉर्नरच्या झेंड्याचा खांब डोक्यात घातला, एवढंच त्याने दवाखान्यातून लिहून पाठवलं होतं. मी जीप काढायला सांगितली, तर सर स्वतःच ठाण्याच्या पायऱ्या चढत होते.

"मी मारलं साहेब. घ्या लिहून."

"कुठून मारलं?"

"मागून. तो पाठमोरा होता."

हवालदाराने जबाब उतरवला. फिर्याद आणि कबुली जुळली आणि खरं सांगतो, मी खूश झालो. न विचारता कबूल होणारा माणूस बहुतेक वेळा कोणाला तरी पाठीशी घालत असतो, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. त्या दिवशी मीच विसरलो आणि अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

तेवढ्यात दवाखान्यातून वैद्यकीय प्रमाणपत्र आलं. जखम डाव्या भुवईच्या वर होती. मार समोरून बसला होता.

मी खुर्ची पुढे ओढली. "सर, तेरा वर्षांत मागून किती जणांना पाडलंत?"

ते ताडकन उठले. "एकालेही नाही साहेब! मागून पाडणारा काय खेळाडू असते?" आणि तिथंच थांबले. मान खाली गेली.

मी प्रमाणपत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांना खोटा गुन्हा रचायचा होता, म्हणून त्यांच्या लेखी जो सगळ्यात मोठा गुन्हा, तोच त्यांनी सांगितला. मुरलेल्या गुन्हेगाराने आधी जखम कुठे आहे ते पाहिलं असतं.

कोणासाठी, हे मात्र ते सांगेनात. उत्तर ठाण्याच्या फाटकाशी केव्हाचं उभं होतं. त्यांच्या संघाची गोलकीपर, एकोणीस वर्षांची. ती तडक आत आली.

"सर खोटं बोलून राह्यले साहेब. खांब माह्या हातात होता. खेळ झाल्यावर मी झेंडे काढत होती, त्यानं माहा हात धरला. सोड म्हटलं, सोडलाच नाही. मंग मारला."

पोलीस भरतीत तिची निवड झाली होती, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. नावावर गुन्हा लागला असता तर वर्दी गेलीच म्हणायची. फिर्यादीलाही पोरीने मारलं हे सांगणं जड गेलं होतं, म्हणून त्याने सरांचं नाव पुढे केलं. कारण विचारलं असतं ना!

मी सरांवर चिडलो. "जेलमध्ये गेला असतात! वर पोलिसांशी खोटं बोललात."

"साहेब, गोलकीपर एकटा पडला तर डिफेंडर मधात जाते. जिंदगीभर हेच काम केलं. दुसरं येते काय मले?"

मुलीची फिर्याद घेऊन त्या तरुणावर विनयभंगाचा गुन्हा दाखल केला. शेजारच्या शेतात तण निंदणाऱ्या दोन बायांनी सगळं पाहिलं होतं. त्यांचे जबाब झाले आणि मुलीचं मारणं स्वसंरक्षणात बसलं. आज ती वर्दीत आहे.

सर जायला निघाले आणि दारातून परत फिरले. "साहेब, त्या जबाबात मागून मारलं असं लिहेल हाय. आता त्याची गरज नाही ना? तेवढं खोडा."

नोकरीत अनेकांनी माझ्याकडे कागदावरचं काही ना काही खोडायची विनवणी केली, ती शिक्षा टाळण्यासाठी. हा माणूस दुसऱ्याची शिक्षा भोगायला निघाला होता, त्याला फक्त तो एक शब्द सहन होत नव्हता. माणसाचं चारित्र्य पडताळायला मी पुढे कधी नुसत्या कागदावर विसंबलो नाही.

जबाबावर अजून सही झालेली नव्हती. मी तो कागद त्यांच्यासमोर फाडला आणि उभा राहून त्यांना सलाम केला.