पडला त्यो कोण?

सिनेमाचं नाव मी विसरलो. त्या बाईचं मला कधी कळलंच नाही. इंदापूरच्या थिएटरात ती माझ्या शेजारी एकटीच बसली होती. पन्नाशीची असेल. पदर खोचलेला, मांडीवर भाजीची पिशवी. पडद्यावर बंदूक निघाली की मागच्या रांगेतली पोरं ती ओळखून नाव ओरडायची. "ग्लॉक!" "एके!" वर शिट्ट्या.

पडद्यावर एकजण गोळी लागून पडला, तशी बाई मागं वळली. "आन् पडला त्यो कोण रं?"

पोरं हसली. पुढचा पडला, तिनं पुन्हा तेच विचारलं. शेवटी दारावरचा माणूस बॅटरी घेऊन आला. "मावशी, गप बसा, न्हायतर भाईर जावा."

"ही वरडत्यात ते चालतं व्हय?" ती उठून उभीच राहिली. "माझ्या भावाला गोळी घातली, तवा पेपरात गावठी कट्ट्याचं समदं बरोबर छापलं हुतं. नाव तेवढं त्याचं चुकलं."

बॅटरीवाला निघून गेला. बाई बसली नाही, आणि बसा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पुढची बंदूक निघाली, पोरं गप्प. माणूस पडला, तसं तिनं भावाचं नाव घेतलं. मोठ्यानं, बापाच्या नावासकट, आडनावासकट.